राग नेमका कुठला? सोलापुरात मदत शोधणाऱ्यांसाठी

आमच्या स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचं स्टीलचं पिंप आहे. तोटीच्या वर, उजव्या अंगाला त्याला लिंबाएवढा पोचा आहे. तो मी फेकलेल्या तांब्याचा. मे महिना होता, पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं ते रात्री अडीचला. दुसरी पाळी करून मी बाराला आडवा झालो होतो. मोटरीनं हवा धरली, पाणी ओढेना. बायको म्हणाली, "अहो, शेजारची टाकी भरून वाहायला लागली." एवढंच. तांब्या तिच्या कानापासून वीतभर अंतरावरून गेला. दारात सातवीतली मुलगी उभी होती, दोन्ही हात कानांवर. ते हात इतक्या सरावानं वर गेले होते की माझं मलाच समजलं, हे घरात बरेच दिवस चाललंय.

त्यानंतर नीट मदत मिळायला मला सात महिने लागले. त्यातले पाच चुकीच्या दारांवर गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो.

१. आधी रागाला त्याच्या नावानं हाक मारा

डॉक्टरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "कसला राग येतो?" मी म्हटलं, राग म्हणजे राग. त्या म्हणाल्या, "दुसरा शब्द सांगा." मी 'संताप' म्हणालो आणि गप्प झालो. बाहेर आल्यावर बसस्टॉपवर उभ्या उभ्या आठवायला लागलो, तर आपल्या भाषेत रागाचं अख्खं कुटुंब सापडलं. त्यातला आपला कोण हे आधी ठरवा, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे.

भडका सगळ्यांना माहीत आहे. दोन मिनिटांत चढतो, आदळआपट होते, अर्ध्या तासानं माणूस खाली मान घालून बसतो. माझा हा. प्रसंगाच्या मानाने भलताच मोठा, न ठरवता होणारा भडका आठवड्यातून दोनदा असा तीन महिने होत असेल, किंवा वर्षभरात तीनदा वस्तू फुटणं, कुणाला लागणं इथपर्यंत गेला असेल, तर डॉक्टर 'इंटरमिटंट एक्सप्लोझिव्ह डिसऑर्डर' नावाच्या विकाराचा विचार करतात. नाव ऐकून घाबरू नका. निदान तुम्ही करायचं नाही, फक्त मोजून सांगायचं.

डूख धरणारा राग वेगळा. तो वर दिसत नाही. भावानं वाटणीत काय केलं हे वीस वर्षांनी तारखेसह सांगणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. रात्री छताकडे बघत तेच भांडण पुन्हा पुन्हा जिंकायचं, आणि सकाळी त्याच माणसाला रामराम करायचा. हा राग शेजाऱ्यांना कळत नाही, झोपेला कळतो.

अबोला हाही रागच, आणि माझ्या मते घराला सगळ्यात महाग पडणारा. आरडाओरडा नाही म्हणून माणूस स्वतःला शांत समजतो. ताट सरकवून दिलं जातं, निरोप पोरांमार्फत जातात. आमच्या एका नातेवाइकांच्या घरात हे सव्वा वर्ष चाललं. कारण विचारलं तर दोघांनाही धड सांगता येईना.

मग त्रागा. दुसऱ्यावरचा राग स्वतःवर काढायचा: जेवणावरून उठणं, डोकं भिंतीवर आपटून घेणं, "मी मेलो की सुटाल सगळे" म्हणणं. याला नाटक समजू नका. मरणाची भाषा निघाली की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोडा आणि सरळ चौथ्या पायरीतला फोन लावा.

चिडचिड बाकीच्यांच्या मानानं साधी वाटते, पण आत दुसरंच काही लपलेलं असण्याची शक्यता हिच्यातच जास्त. पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा रडू म्हणून येत नाही, चिडचिड म्हणून येतं. बाळंतपणानंतर, पाळीच्या आधी किंवा पाळी जायच्या वयात बाईला येणारी चिडचिडही नुसती "तिचा स्वभाव" म्हणून सोडू नये. सोलापूरच्या पूर्व भागात दारात सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळणाऱ्या बाईला संध्याकाळी पोरं नकोशी होतात, त्यात पाठ, डोळे, मान यांचा वाटा किती आणि मनाचा किती, हे तिला कुणी विचारतच नाही.

शेवटची चीड. मजुरी बुडवली, पोरीची वाटेत छेड काढली, हक्काचं पाणी मिळालं नाही, तर येणारी चीड हा आजार नाही. तिला गोळी शोधू नका, अर्ज लिहा.

२. पंधरा दिवस वही ठेवा

शंभर पानी साधी वही पुरे. मोबाइलवरही चालेल, पण माझा अनुभव असा की रागात मोबाइल हातात असला तर तो फेकला जातो. प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहायच्या: वेळ, कुठे, त्याआधी शेवटचं कधी खाल्लं आणि किती झोपलो, नेमकं वाक्य काय कानावर पडलं, आणि दहापैकी किती राग. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

"मंगळवार, रात्री ८.४०. जेवण दुपारी १ ला. झोप ४ तास. साहेबांनी फोनवर विचारलं, गाडी का सुटली नाही? हो हो म्हणालो. घरी पोरानं टीव्ही मोठा केला. ८."

डॉक्टरांनी या नोंदीतल्या 'हो हो म्हणालो' वर पेननं गोल केला. साहेबांपुढे गिळलेला राग पोरावर निघाला होता. हे मला पंधरा दिवस वही लिहूनही दिसलं नव्हतं.

घरातल्या एकाला आपल्याबद्दल वेगळं लिहायला सांगा, आणि ते वाचताना वाद घालू नका. माझ्या मुलीनं लिहिलं होतं: "पप्पांनी गाडी स्टँडला कशी लावली ते ऐकून मी अभ्यासाला बसते." तिच्या वहीत आठवड्याला सहा नोंदी होत्या, माझ्या वहीत दोन.

३. मनाच्या आधी शरीर

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ एवढं तपासून घ्या. थायरॉइड वाढलेलं असेल तर हात थरथरतात, छाती धडधडते आणि माणूस कशावरही उसळतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं की साखर उतरते, आणि साखर उतरलेला माणूस दारू प्यायल्यासारखा भांडतो. स्टेरॉइड आणि फिट्सवरच्या काही गोळ्यांनीही चिडचिड वाढते. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, पण मनानं एकही बंद करू नका.

झोपेचं तर विचारूच नका. रात्रपाळी, मग मे महिन्यात ४३ अंशांत पत्र्याखाली दिवसा झोप, त्यात पाण्याची वेळ. जोरात घोरत असाल आणि सकाळी उठल्यावर डोकं जड असेल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. यंत्रमागावर वर्षानुवर्षं काढलेल्यांनी कान तपासून घ्यावेत. मागाच्या खटखटीत ऐकू कमी येत जातं, माणूस मोठ्यानं बोलायला लागतो, आणि घरचे म्हणतात हे सारखे ओरडतात. आमच्या शेजारच्या काकांचं अर्धं भांडण कानाच्या मशीननं मिटलं.

मावा, गुटखा, सिगारेट नुकती सोडली असेल तर पहिले दोन ते चार आठवडे माणूस चिडका होतोच, ते ओसरतं. दारूचं मात्र उलटं लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं शपथ घेऊन एका दिवसात बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

आणि साठीनंतर एखाद्या शांत माणसाचा स्वभाव अचानक पालटला, शिवीगाळ सुरू झाली, किंवा अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर राग वाढला, तर आधी मेंदूची तपासणी. "म्हातारपणी हेकट झाले" म्हणून बसून राहू नका.

४. कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. इथे सांगतोय त्या तिघांत औषध फक्त हेच लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि बोलून करायचे उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. समुपदेशक या शब्दाखाली मात्र सगळं खपतं. चांगले समुपदेशक आहेतच, पण मी ज्या पहिल्या दारावर गेलो तिथे भिंतीवर पंधरा प्रमाणपत्रं होती, त्यातली बहुतेक दोन-तीन दिवसांच्या शिबिरांची. तिसऱ्या भेटीत मला 'क्रोधमुक्ती पॅकेज' विकायला काढलं. शिक्षण काय आणि नोंदणी कुठे, हे विचारायला लाजू नका. नीट माणूस या प्रश्नावर रागावत नाही.

सोलापुरात सरकारी सोय आहे ती सिव्हिलमध्ये, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं असल्यानं तिथे मनोविकारशास्त्र विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि मानसोपचार ओपीडी विचारायची. "वेड्यांचा विभाग कुठे" असं विचारू नका. मी तसं विचारणारा ऐकलाय, आणि तो स्वतःसाठीच आला होता.

घराबाहेर पडायची हिंमत होत नसेल तर १४४१६ लावा. हा टेलि-मानस, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेला मोफत फोन. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. चोवीस तास चालतो, आणि वीस भाषांत चालतो. सोलापूरकरांना हे फार कामाचं आहे. आपल्याकडे मराठी सगळ्यांना येते, पण राग ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत येतो. कुणाला कन्नडमधला सिट्टु येतो, कुणाला तेलुगूतला कोपम. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातल्या आजींना सुनेवरचा राग मराठीत सांगा म्हटलं तर त्या फक्त "काही नाही, बरं आहे" म्हणतात. तेलुगू, कन्नड, उर्दूत बोलायचं असेल तर फोन लागल्यावर तसं सांगा.

ओळखीचं कुणी दिसेल ही भीती सगळ्यांनाच असते. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतसुद्धा सोलापुरात ओळखीचा भेटतो, तर ओपीडीत का नाही भेटणार? मी तोंडाला रुमाल बांधून गेलो. बाकावर शेजारी आमच्याच कारखान्यातला पॅकिंगचा माणूस, तोही रुमालात. दोघंही पंख्याकडे बघत बसलो. पुढच्या वेळी त्यानंच माझ्यासाठी जागा धरली होती. राहिला प्रश्न नोंदींचा: मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नं तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, ती मालकाला सांगितली जात नाही. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरायला सांगितलंय. पॉलिसी असेल तर एजंटला विचारून ठेवा.

५. सोबत काय न्यायचं

- आधार कार्ड. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर तेही
- जुने केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट
- चालू गोळ्यांची पाकिटं (नावं आठवत नाहीत, पाकिटंच न्या)
- वही
- घरातलं एक माणूस, शक्यतो ज्याला तुमच्या रागाचा त्रास होतो ते

आणि डबा. नंबर लागेपर्यंत दुपार होते. मानसोपचाराच्या रांगेत उपाशी बसून चिडणं परवडत नाही.

६. पहिल्या भेटीत

झोप, भूक, दारू, घरात कुणाला असा त्रास होता का, लहानपणी मार खाल्ला का, मरायचे विचार येतात का, कुणाला मारावंसं वाटतं का, असे प्रश्न येतात. शेवटच्या दोन प्रश्नांना खरं उत्तर द्या. विचार आला म्हणून कुणी तुम्हाला लगेच कोंडत नाही. मध्येच घरच्यांना बाहेर पाठवून एकट्याशी बोलतात, तसं न झालं तर तुम्हीच मागा.

उठायच्या आधी तीन गोष्टी विचारा: तुम्हाला काय वाटतंय, गोळीचा परिणाम किती दिवसांनी दिसेल, आणि पुन्हा कधी यायचं. लिहून घ्या. बाहेर आल्यावर काहीही आठवत नाही.

७. उपचार सुरू झाल्यावर

रागावर अशी थेट एकच गोळी नसते. खाली नैराश्य, चिंता, उन्माद, दारू जे असेल त्यावर औषध चालतं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. पहिल्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडणारे आणि दुसऱ्या महिन्यात "आता बरा झालो" म्हणून सोडणारे, दोघंही पुन्हा रांगेत भेटतात. मी दुसऱ्या प्रकारातला.

बोलून करायच्या उपचारात मला सगळ्यात उपयोगी पडला तो एक 'च'. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी मराठीतून रुजवली. तिचं म्हणणं असं की घटना राग आणत नाही, घटनेबद्दलचा आपला हट्ट आणतो. सायकॉलॉजिस्टनी माझी वही उघडून प्रत्येक वाक्यातला 'च' शोधायला लावला. "गाडी वेळेवर सुटायलाच पाहिजे." "पोरानं ऐकलंच पाहिजे." "पाणी आलं की मोटर चाललीच पाहिजे." मग 'च' खोडून तेच वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. मी हसलो होतो. पण मोटर चालली तर बरं, एवढ्यावर तांब्या उचलला जात नाही.

दुसरी गोष्ट, उठून जाण्याचा करार. हा शांत असताना घरच्यांशी करायचा. राग सहाच्या वर गेला की "मी अर्ध्या तासात येतो" एवढंच म्हणून बाहेर. हे वाक्य न म्हणता गेलात तर तो अबोला होतो. बाहेर गाडी चालवायची नाही, टपरीवर बसायचं नाही, मनात भांडण घोळवायचं नाही. मी कंबर तलावाच्या बाजूला हळू चालतो, श्वास सोडताना आकडे मोजतो. आणि अर्ध्या तासानं परत यायचं म्हणजे यायचंच. (हा 'च' राहू दे.)

उशीला ठोसे मारा, ओरडून मोकळे व्हा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. २०२४ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १५४ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर असं मोकळं होण्यानं राग कमी होतो याला आधार सापडला नाही. अंग तापवणाऱ्या गोष्टींनी तो उतरत नाही. श्वसन, शिथिलीकरण, ध्यान यांसारख्या अंग निववणाऱ्या गोष्टींनी उतरतो.

८. इथे माणसं हमखास अडकतात

मित्र. माझा म्हणाला, "काय बे, एवढ्यासाठी डॉक्टर? दोन टाक नि झोप." टाकली. तांब्याच्या नंतरचा दुसरा मोठा भडका त्याच रात्रीचा.

मेडिकलमधून मागून आणलेली झोपेची गोळी. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसते, कारण तिची सवय लागते, आणि काहींचा तर तिनं उरलासुरला आवरही सुटतो.

चहातून गोळ्या. नवरा किंवा मुलगा डॉक्टरकडे येत नाही म्हणून बायका रिपोर्ट सांगून गोळ्या आणतात आणि न सांगता चहात घालतात. हेतू चांगला असतो, पण त्याला दारूवर ती गोळी चढली तर? आणि कळल्यावर तो घरातलं पाणीसुद्धा संशयानं पिईल. त्याऐवजी तुम्ही स्वतः जा आणि "तो येत नाही, मी काय करू" हे विचारा. १४४१६ वरही हे विचारता येतं.

अंगारे, उतारे. देवावर श्रद्धा ठेवा, सिद्धेश्वराला जा, माझंही जाणं आहे. पण भूत उतरवायचं म्हणून कुणी मारहाण केली, डांबून ठेवलं, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

९. मार खाणाऱ्यांसाठी वेगळं

जो माणूस शेठसमोर हात बांधून उभा राहतो आणि घरी येऊन बायकोवरच हात उचलतो, त्याला राग आवरता येत नाही असं नाही. दिवसभर तो आवरतच होता. कुणावर काढायचा हे त्यानं ठरवलेलं असतं. अशा घरात "दोघं मिळून समुपदेशनाला या" हा सल्ला धोक्याचा, कारण तिथे बाईनं खरं सांगितलं की त्याचा हिशेब घरी होतो. आधी एकटीनं मदत घ्या: तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी १४५६७. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे तक्रार करता येते आणि त्याच घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले एका पिशवीत घालून शेजारी किंवा माहेरी ठेवा.

हे लिहिताना मी माझ्याकडेही बघितलं. तांब्या साहेबांच्या केबिनमध्ये नव्हता फेकला. डॉक्टरांपुढे हे बोलायला मला चौथी भेट लागली.

१०. तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा

राग शून्य झाला का हे बघू नका, तो होत नाही. किती वेळा आला, किती वर गेला, किती वेळ टिकला हे आधीच्या पानांशी ताडून बघा. घरच्यांची वहीही मागा. माझ्या गेल्या महिन्यात तीन नोंदी आहेत, मुलीच्या वहीत चार, आणि सगळ्या पाण्याच्या दिवसाच्या. डॉक्टरांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, गोळी तीच ठेवली आणि केसपेपरवर खाली एक ओळ लिहिली: मोटर मुलगा लावेल.